दृष्टिहीन चित्रकाराच्या प्रदर्शनाची तयारी

तयारीची सुरुवात गॅलरीच्या तारखेपासून नको, रंगांच्या टेबलापासून करा. ट्यूब नेहमी एकाच क्रमाने लावा आणि प्रत्येकीवर ब्रेल पट्टी चिकटवा. ब्रेल येत नसेल तर रबर बँड पुरतात: लाल ट्यूबला एक, निळीला दोन, असं स्वतःच ठरवायचं. हे टेबल कुणी आवरायचं नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. चित्राच्या बाह्यरेषा फॅब्रिक लायनरने, म्हणजे कापडावर उठावाची रेघ काढायच्या रंगाच्या ट्यूबने, उठवून घ्या आणि त्या पुरत्या वाळल्याशिवाय ब्रश उचलू नका. दृष्टी गेल्यावर चित्रकलेकडे वळलेले अमेरिकेतले जॉन ब्रॅम्ब्लिट अशाच उठावाच्या रेषांवर काम करतात, आणि रंग बोटांनी ओळखू यावेत म्हणून त्यांचा दाटपणा वेगवेगळा ठेवतात. एखाद्या रंगात थोडी संगमरवराची पूड मिसळली की तो हाताला लगेच वेगळा लागतो.

रंग नको असतील तर कागद आणि कात्री घ्या. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५६ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केले, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात टाइल्सचं भित्तिचित्र उभं केलं. घरात कुणी शंका काढली तर एवढं सांगणं पुरे.

चित्रं निवडताना कोणत्या चित्राला हात लावू द्यायचा, हे तेव्हाच ठरवा. माझा आग्रह आहे की निदान काही चित्रांना लावू द्यावाच. दृष्टिहीनाने काढलेलं चित्र दृष्टिहीन प्रेक्षकालाच काचेआड मिळणं मला सहन होत नाही. त्या चित्रांना काच नको, वर पारदर्शक वॉर्निशचा हात हवा, आणि फ्रेम वर-खाली दोन्हीकडे भिंतीला पक्की हवी, नाहीतर बोट टेकताच ती हलते. जाड थर वाळायला दिवस जातात, म्हणून शेवटचं चित्र बरंच आधी संपवा. ओल्या थरावर बबल रॅपचे ठसे उमटतात.

माहितीच्या पट्ट्या मोठ्या ठसठशीत अक्षरांत, मागे चमक नसलेला कागद. शेजारी ब्रेल, छातीच्या उंचीवर, जरा तिरकी, प्रत्येक चित्राला एकाच बाजूला. मराठी ब्रेल छापून आलं की ब्रेल वाचणाऱ्याच व्यक्तीकडून तपासून घ्या. ध्वनिवर्णनाचा क्यूआर कोड लावणार असाल तर त्याभोवती उठावाची चौकट करा, नाहीतर तो आहे हे ज्याला हवं त्यालाच कळणार नाही. वर्णनात रंगही सांगा; अनेकांनी पूर्वी रंग पाहिलेले असतात, आणि न पाहिलेल्यांनाही ते जाणून घ्यायचे असतात.

निमंत्रणपत्रिकेत ‘अंध असूनही’ हे शब्द येऊ देऊ नका. नाव, माध्यम, आकार, किंमत हे सगळ्या चित्रकारांसारखंच लिहा. किंमत दयेपोटी वाढवायची नाही, संकोचाने उतरवायचीही नाही.

स्वयंसेवकांना एक गोष्ट करून दाखवा: प्रेक्षकाचा हात धरून ओढायचा नाही, आपलं कोपर पुढे करायचं. वाटेतल्या वायरी भिंतीलगत टेपने बसवा. हात पुसायला ओले रुमाल दाराशी ठेवा, आणि अभिप्रायाच्या वहीशेजारी आवाज रेकॉर्ड करायला एक फोन.