चाळिशीनंतर क्षेत्र बदलायचंय? राजीनामा सगळ्यात शेवटी

आधी वैताग नेमका कशाचा आहे ते शोधा. तीन आठवडे रोज संध्याकाळी दिवसभरातली कामं लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: हुरूप आला की जीव नकोसा झाला. खुणा पाहिल्यावर पुष्कळांना कळतं की वैताग कामाचा नाहीच, साहेबाचा किंवा प्रवासाचा आहे. तसं असेल तर नुसती नोकरी बदला, ते कितीतरी सोपं.

कामच नको असेल तर नव्या कामाची रटाळ बाजू आधी बघा. शिकवणाऱ्याला पेपर तपासावे लागतात, फोटोग्राफरला गिऱ्हाइकाकडे पैशांसाठी तगादा लावावा लागतो. त्या क्षेत्रातल्या चार-पाच जणांना गाठा. ‘काम आवडतं का?’ असं विचारू नका, ‘गेल्या आठवड्यात काय काय केलं?’ असं विचारा. मग सुट्टीच्या दिवशी एक छोटं काम पैसे घेऊन करून द्या, तेही अनोळखी माणसाला. मित्रांचं कौतुक यात धरायचं नाही. त्याआधी सध्याच्या नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाला मनाई आहे का ते वाचा. महागडा कोर्स याच्यानंतर. कोर्स लावला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि खरी परीक्षा लांबते.

आता पैसे. मागच्या १२ महिन्यांचा सगळा खर्च बेरजेत घ्या आणि १२ ने भागा. एकाच महिन्याचा खर्च धरला की वर्षातून एकदा येणारे विम्याचे हप्ते, फी, दुरुस्त्या निसटतात आणि तिथेच हिशेब कोसळतो. नवी कमाई स्थिरावायला ८ महिने लागतील असं वाटत असेल तर १२ महिन्यांची तजवीज ठेवा. निवृत्तीची पुंजी यात मोजू नका; या वयात ती पुन्हा उभी करायला वर्षं कमी उरतात. आरोग्य विमा सध्याच्या नोकरीतून मिळत असेल तर स्वतःचा आधीच घ्या, कारण जुन्या आजारांसाठी बऱ्याचदा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे सुरुवातीचा काही काळ त्यांच्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत. कर्ज लागणार असेल तर तेही पगार चालू असतानाच. आणि हे आकडे घरच्यांसमोर मांडा, नुसती स्वप्नं नकोत.

भूमिका आणि क्षेत्र एकदम बदलू नका. कारखान्यातल्या हिशेबनिसाला संस्था चालवायची असेल तर त्याने आधी एखाद्या संस्थेचे हिशेब सांभाळावेत आणि तिथून आत सरकावं. ऑनलाइन अर्जांच्या चाळणीत बऱ्याचदा जुनं पदनाम पाहूनच नाव गळतं; ओळखीतून गेलेला अर्ज निदान वाचला तरी जातो. बायोडेटात शेवटची १०-१५ वर्षं पुरेत. वयाने लहान वरिष्ठ चालेल का, हा प्रश्न मुलाखत घेणाऱ्याच्या मनात तरी असतोच. उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या.

राजीनाम्याआधी अर्धवेळ काम मागून पाहा. फार तर नाही म्हणतील. कुठल्या तारखेला किंवा शिल्लक किती उरल्यावर परत फिरायचं, तेही आत्ताच कागदावर लिहा. निघताना कामाचा ताबा नीट द्या आणि जुन्या व्यवसायाचा परवाना वा नोंदणी असेल तर तिचं नूतनीकरण चुकवू नका.