पेट्रा बँकेचा खटला कसा वाचावा

आमच्या ऑफिसात आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या प्रशिक्षणाला, येणाऱ्या प्रत्येकाला मी अहमद चलबींचं प्रकरण वाचायला लावते. चलबी म्हणजे पेट्रा बँकेचे संस्थापक आणि पुढे सद्दाम हुसेनविरुद्ध युद्धाचा आग्रह धरणारे इराकी नेते. मुलं हमखास 2003च्या इराक युद्धापासून सुरुवात करतात. तसं करू नका. आधी ऑगस्ट 1989चं अम्मान, म्हणजे जॉर्डनची राजधानी, गाठा.

माणसाची माहिती थोडक्यात उरका. बगदादचं धनाढ्य शिया घराणं, 1958मध्ये राजेशाही उलथल्यावर परागंदा झालेलं. शिकागो विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट, बैरूतमध्ये प्राध्यापकी, मग जॉर्डनमध्ये पेट्रा बँक. दहाएक वर्षांत ती देशातल्या मोठ्या बँकांत जाऊन बसली. घराण्याच्या बैरूतला आणि जिनिव्हालाही बँका होत्या. या वाक्याखाली रेघ मारून ठेवा.

जॉर्डनचा दिनार घसरला होता, परकीय चलनाची चणचण होती. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर मोहम्मद सईद नाबुल्सी यांनी सगळ्या बँकांना परकीय चलनातला सुमारे 30 टक्के हिस्सा आपल्याकडे जमा करायला सांगितलं. पेट्राला तो भरता आला नाही. वाचताना इथेच थांबा. वहीत डॉलर असतील तर ते आणून द्यायला अडचण कसली?

म्हणून परदेशी बँकेतली शिल्लक तपासताना क्लायंटने हातात दिलेल्या पत्रावर कधीही टिकमार्क करू नका. त्या बँकेला तुम्ही लिहा, उत्तर थेट आपल्या ऑफिसात मागवा. रक्कम किती एवढंच विचारून भागत नाही. त्यावर कुणाचा बोजा आहे का, कुणाच्या कर्जापोटी ती अडकली आहे का, हेही विचारा. जॉर्डनच्या अधिकाऱ्यांनी पेट्रा ताब्यात घेतल्यावर आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मने तपासणी केली, तेव्हा मालमत्ता 20 कोटी डॉलरहून जास्त फुगवलेली निघाली.

आता ती रेघ मारलेली ओळ पुन्हा वाचा. जिनिव्हाची बँक त्याच वर्षी, काही महिने आधी, बंद पडली होती. कर्जदारांची यादी घेऊन प्रत्येक कंपनीपुढे मालकाचं नाव लिहा. पेट्राची बुडीत कर्जं कुठे गेली ते शोधताना चलबी घराण्याच्याच कंपन्या समोर येतात.

निकाल सगळ्यात शेवटी वाचा. एप्रिल 1992, लष्करी न्यायालय, आरोपी गैरहजर, अफरातफर आणि ठेवींच्या गैरवापरासाठी 22 वर्षांची सक्तमजुरी. चलबी शेवटपर्यंत म्हणत राहिले की हा सद्दामच्या दबावाखाली रचलेला डाव होता. हे म्हणणं झटकून टाकू नका. आरोपीविना चाललेल्या लष्करी खटल्यावर शंका घ्यायलाच हवी. पण न्यायालय कितीही कच्चं मानलं तरी तिजोरीतली तूट भरून निघत नाही. त्यामुळे दोन वेगळे कागद करा: एकावर हिशेबातून निघालेलं, दुसऱ्यावर फक्त निकालात म्हटलेलं.

चलबींनी ती शिक्षा कधीच भोगली नाही. 2005मध्ये ते इराकचे उपपंतप्रधान झाले, 2015मध्ये वारले. ठेवीदारांचे पैसे जॉर्डनच्या सरकारी तिजोरीतून द्यावे लागले. ही नोंद पहिल्या कागदावर करा.