तालुक्याच्या गावात रोजगाराचा आराखडा कसा करायचा

राजेहो, आपल्याकडे रोजगाराचा विषय निघाला की पहिली मागणी एकच, एमआयडीसी पाहिजे. मिळाली तर चांगलंच आहे, पण तिची वाट पाहता पाहता आपली पोट्टे पुण्याला निघून जातात. २०१४ नंतर तालुक्याची बरीच गावं नगरपंचायती झाली, म्हणजे गावाचा आराखडा आता आपल्याच हातात आलाय, तर तो करायचा कसा ते सांगतो.

आधी वही घ्या अन् एसटी स्टँडपासून पायी निघा. पंधरा मिनिटांत चालत जाता येईल तेवढाच भाग धरा. बचत गटाच्या ताया अन् कॉलेजची चार पोरं सोबत घ्या, कारण दुकानदार अनोळखी माणसाला खरं सांगत नाही. प्रत्येक दुकानात किती माणसं कामाला, कोणत्या महिन्यात जास्त लागतात, कोणतं शटर बंद अन् काहून बंद, हे सगळं लिहा. नगरपंचायतीचे स्वतःचे गाळेपण लिहा, कुलूप लागलेले गाळे आधी लिलावात काढायला लावायचे, नवीन कॉम्प्लेक्स मागाहून.

मग दुसरी यादी, अन् ही जास्त महत्त्वाची, गावातून कच्चं काय जातं अन् तयार होऊन परत काय येतं. तूर पोत्यात जाते, डाळ पाकिटात येते. कापसाचंही पहा, एका क्विंटलमधून साधारण ३३ ते ३५ किलो रुई, म्हणजे धाग्याचा कापूस, निघते, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे कापसाचं बी, तिचं तेल निघतं अन् उरते ती ढेप, जनावरांना घालायची. कापूस बाहेर जातो अन् तीच ढेप आपला दूधवाला विकत आणतो, मधली सगळी मजुरी दुसऱ्या गावाची. अशा चार-पाच वस्तू सापडल्या की कोणता धंदा इथं चालेल ते कोणाला विचारायची गरज पडत नाही, डाळमिल चालेल का ढेपेचं दुकान ते यादीच सांगते.

आता कॅलेंडर करा, हे लोक करतच नाहीत. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यांना, माणूस मिळत नाही, तुरीची सोंगणी-मळणी त्यातच येते, वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराचा (हिवाळी फुलाचा) संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबर अन् मृग बहाराचा (पावसाळी फुलाचा) फेब्रुवारी-मार्चला तुटतो, त्याच्यानंतर एप्रिल-मे रिकामा, जंगलपट्ट्यात तेंदूपत्ता अन् मोहफुलं सोडली तर. म्हणून नवीन काम शोधायचं ते या रिकाम्या महिन्यांसाठी. कुरोड्या, पापड, शेवया, सरगुंडे, हे सगळं उन्हातच होते अन् बायांना घराजवळ करता येते. याच्यासाठी केंद्राने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रियेची योजना आणली, तिच्यात वैयक्तिक युनिटला ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, ठरलं होतं. पण अनुदान पाहून धंदा निवडू नका, आधी गिऱ्हाईक पहा.

आता जागेचं, इथं माझा जीव जास्त अडकलाय. आमच्या गावचा आठवडी बाजार गर्दी होते म्हणून बायपासवर नेला. खेड्यावरून येणारी बाई एसटीतून उतरून टोपली डोक्यावर घेऊन दोन किलोमीटर कशी जाईल, कोणी विचारलंच नाही. अर्ध्या भाजीवाल्या सुटल्या, अन् बाजाराच्या दिवशी चालणारे कापडाचे, भांड्याचे, चहाचे धंदे जुन्या चौकात बसून राहिले. गाव दाट असलं की एक धंदा दुसऱ्याला गिऱ्हाईक देतो, पसरलं की पाइपलाइन लांब, लाइटचे खांब जास्त अन् दुकानं ओस.

म्हणून शहर विकास आराखड्याचा नकाशा लागला की जाऊन पहाच. तो १९६६ च्या नगररचना कायद्याने होतो अन् हरकतीची मुदत जाहिरातीत दिलेली असते, मुदत गेली की गेली. तीन गोष्टी लेखी मागा, बाजार स्टँडजवळ, जुन्या वस्तीत खाली दुकान वर घर बांधायची मुभा, अन् गावातल्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय दूरच्या लेआउटवर नगरपंचायतीचा खर्च नाही. हरकतीची पोच घ्या, सुनावणीला दहा-बारा जण जा.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेतेच पाहिजेत, त्यात एक तृतीयांश बाया, अन् सर्व्हे होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. समिती बनली नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या अन् बाजारातल्या भाजीवाल्या मावशींनाच अर्जावर पहिली सही करायला लावा.

हे सगळं बजेटच्या दोन महिने आधी नगरसेवकाच्या हातात द्या, नंतर दिलं तर वर्ष गेलं. अन् पुढच्या दसऱ्याला तीच वही घेऊन त्याच गल्ल्यांमधून परत फिरा, कोणतं शटर उघडलं अन् कोणाच्या घरचं पोट्टं परत आलं ते लिहायला.