चैत्रातला गाण्याचा तास घरी घ्यायचा तर

तीन ते सहा वर्षांची चार-पाच मुलं, फ्लॅटमधला हॉल आणि जेमतेम अर्धा तास, एवढं धरून ही तयारी. सतरंजी, प्यायचं पाणी वगैरे सांगायला नको. सांगायचं ते पहिल्यांदाच सांगते: थांबायची खूण ठरवा. वाद्यं हातात देण्याआधी. मागच्या वेळी एवढंच राहिलं आणि बाकीची सगळी तयारी फुकट गेली.

आठवडाभर आधी गुलमोहराच्या शेंगा गोळा करायच्या. मार्च-एप्रिलमध्ये सोसायटीत झाडाखाली वाळलेल्या पडलेल्या असतात. हलवून बघा, आतल्या बिया वाजल्या तरच घ्या. एक दिवस कडक उन्हात टाका, नाहीतर घरात मुंग्या. टोकं पॉलिश पेपरने घासा, ती डोळ्याला लागतात. खुळखुळ्यासाठी २०० मिलीच्या बाटल्या घ्या: दोनांत तांदूळ, दोनांत राजमा, दोनांत रवा. बाटल्यांना बाहेरून कागद गुंडाळा आणि आवाजावरून जोड्या लावायला द्या. पाव बाटलीच भरा. अर्ध्याच्या वर गेलं की दाण्यांना हलायला जागा उरत नाही, आवाज बसतो. झाकण गोंदाने चिकटवून वर चिकटपट्टी. राजम्याचा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो, त्यामुळे घरात रांगतं मूल असेल तर राजमा नकोच.

आदल्या संध्याकाळी जलतरंग, म्हणजे पाणी भरलेल्या बाऊलांचं वाद्य. चिनी मातीचे पाच बाऊल, लहानमोठे. भूप रागाचे स्वर लावा: सा रे ग प ध. म आणि नी नाहीतच, त्यामुळे मूल कुठलाही बाऊल कशाही क्रमाने वाजवो, कानाला खुपत नाही. (हौसेने राग वसंत शिकवायला जाऊ नका. त्यात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही म, शिवाय कोमल रे आणि ध. चार वर्षांच्या गळ्याचं ते काम नाही.) पाणी वाढवलं की स्वर उतरतो, म्हणून रिकामा असतानाच ज्याचा स्वर खाली आहे तो सा ला, सगळ्यात चढा तो ध ला. मोबाइलवर ट्यूनर लावून चमच्याचमच्याने पाणी घाला. कुठल्यात किती चमचे लागले ते चिठ्ठीवर लिहा आणि पाणी ओतून टाका, सकाळी मोजून भरायचं. बाऊल एकमेकांना टेकले की आवाज मरतो. घडी केलेल्या पंच्यावर दोन बोटं अंतराने मांडा. वाजवायला पेन्सिल. स्टीलचा चमचा दिलात तर कडेचा टवका उडालाच.

वेळ सकाळी आठची. दुपारी उकाडा, शिवाय दोन ते चार सोसायटीत शांतता. मार्चमध्ये शेजारी दहावीचं कुणी असेल तर आधी विचारा. घोडबंदर रोडसारख्या वाहत्या रस्त्याकडची खोली नको, मागची, झाडांकडची खिडकी धरा. पंखा बंद. दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. कोकीळ दर हाकेला स्वर चढवत नेतो आणि एकदम थांबतो. मुलांनी आवाजाबरोबर बोट वर न्यायचं. तांबट पक्षी एकाच लयीत टुक टुक करत राहतो, तांबं ठोकल्यासारखं. त्याच्याबरोबर मांडीवर थाप. लय शिकवायला याहून सोपं काही नाही.

आता खूण. दोन्ही हात डोक्यावर. डोळ्यांना दिसणारीच हवी, कारण पाच खुळखुळे वाजत असताना तुमचं 'थांबा' कुणालाही ऐकू येत नाही आणि घंटी त्याच गोंगाटात मिसळते. रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवत चार वेळा सराव, मग वाद्यांची पिशवी उघडा. नाही, 'मुलं समजूतदार आहेत' म्हणून हे गाळायचं नाही. तुमच्याही हातात वाद्य नको, नाहीतर डोक्यावर हात नेणार कसे?

आधी शेंगा, मग जोड्या. एकेका खेळाला पाच-सात मिनिटं बास, आणि प्रत्येकाआधी खूण एकदा करून बघायची. जलतरंगापाशी एका वेळी एकच मूल, बाकीच्यांनी मांडीवर लय धरायची.

गाणं शेवटी. मोठी माणसं आपल्या सोयीची खालची पट्टी धरतात आणि मुलं गुरगुरतात. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, सा धरा, सा ते प एवढ्यात बसणारं बडबडगीत घ्या. ओरडायला लागली की खूण.

संपताना आधी खूण, मग वाद्यं पिशवीत, मग खाऊ. खाऊ आधी दिसला तर पिशवी भरायला कुणी येत नाही. पाणी कुंड्यांना. फरशी पुसा. चिकटपट्ट्या तपासून मगच खुळखुळे कपाटात.