शिक्षा झाली, आता हायकोर्ट: अपिलाआधीची जमवाजमव

सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली की त्याच संध्याकाळी घरात दोन वाक्यं सुरू होतात: "हायकोर्टात जाऊ" आणि "मोठा वकील करू". दोन्ही बरोबर. पण वकील कितीही मोठा असला तरी तो कागदांवर लढणार, आणि ते कागद गोळा करण्याची धावपळ घरच्यांच्याच वाट्याला येते. हायकोर्टात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. खाली जे नोंदलं गेलं तेच वर वाचलं जातं. नवा पुरावा आणता येतो, पण क्वचित आणि कोर्टाच्या परवानगीने. त्यामुळे "आम्ही आता खरं काय ते सांगतो" या भरवशावर राहू नका.

आधी अपील नक्की कुठे जातं ते पक्कं करा. सत्र किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी शिक्षा दिली असेल, किंवा दुसऱ्या कोर्टाने सात वर्षांहून जास्त कैद दिली असेल, तर थेट हायकोर्ट. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७४ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१५ आहे. शिक्षा मॅजिस्ट्रेटने दिली असेल तर पहिलं अपील सत्र न्यायालयात. तिथे हरलात तर पुढे हायकोर्टात रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) असते आणि तिच्यात पुरावा नव्याने तोलायला फारसा वाव नसतो. गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल तर भांडण फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतं उरतं. मुंबई हायकोर्टाचं पीठही पाहून घ्या. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा ही पीठं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. शेजाऱ्याच्या जुन्या माहितीवर मुंबईची गाडी पकडू नका.

मग मुदत. हायकोर्टात अपील करायला ६० दिवस मिळतात, फाशीच्या शिक्षेत ३०. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरोधी) विशेष कायद्यांची मुदत वेगळी असते (मकोकात ३० दिवस), म्हणून निकालपत्रात कोणतं कलम आहे ते वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. निकालाचा दिवस मोजत नाहीत. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेले दिवसही वजा होतात, पण इथेच गफलत होते. नक्कल हातात आली की ती उलटून तिच्यावरचा शिक्का बघा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, अशा तारखा त्यावर असतात. अर्जापासून तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात. तयार झाल्यावर ती नक्कल विभागात पडून राहिली तर ते दिवस तुमच्या खात्यावर. मुदत उलटलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो आणि आरोपी जेलमध्ये असेल तर कोर्ट बहुधा फार ताणत नाही. तरी उशिराचं कारण सांगावं लागतं, आणि "पैसे जमवत होतो" यापेक्षा तारखांसकट दिलेलं कारण जास्त पटतं.

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची एक प्रत तिथल्या तिथे आणि फुकट मिळायला हवी. हा कायदा आहे, उपकार नव्हे. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील, दोन्ही कैद्याचे हक्क आहेत असं स्पष्ट सांगितलं. प्रत जेलमध्ये आरोपीच्या हातात पडली का, हे मुलाखतीत विचारून घ्या.

पण एकट्या निकालपत्राने भागत नाही. एफआयआर, दोषारोपपत्र, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या बाजूने विचारलेले प्रश्न) आणि उलटतपासणी, निशाणी (कोर्टाने दिलेला पुराव्याचा क्रमांक) पडलेले सगळे पंचनामे, शवविच्छेदन किंवा वैद्यकीय दाखला, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल म्हणजे ज्याला सगळे सीए रिपोर्ट म्हणतात तो, आरोपीचा ३१३ चा जबाब, म्हणजे पुराव्यावर कोर्टाने त्याला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं (जुन्या संहितेचं कलम ३१३, नव्या संहितेत ३५१), दोन्ही बाजूंचा लेखी युक्तिवाद असेल तर तो, आणि रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. या सगळ्यांच्या नकलांचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी टाका. हायकोर्ट खालचं रेकॉर्ड मागवतं आणि पुढे पेपरबुकही (सगळ्या कागदांचा बांधलेला संच) बनतं, पण त्याला वेळ लागतो आणि जामिनाचा अर्ज तोवर थांबत नाही. साक्षी मराठीत असतील तर हायकोर्टात इंग्रजी अनुवाद लागतो. त्याचा खर्च आणि वेळ आत्ताच धरा, आणि अनुवाद मूळ मराठीशी घरातल्या कुणीतरी ओळीला ओळ लावून ताडून पाहा. जिल्ह्याच्या वकिलांकडची फाईल त्यांच्या टिपणांसकट मागून घ्या. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवलं आहे. अर्थात भांडून मागण्यापेक्षा गोडीने मागितलेली फाईल लवकर मिळते, आणि उलटतपासणीत एखादा प्रश्न का विचारला नाही हे त्या वकिलांनाच माहीत असतं.

आता वाचन. हे काम वकिलावर सोडून मोकळं होऊ नका. एक वही घ्या आणि साक्षीदारागणिक एक पान करा: तो कोण, आरोपीशी नातं किंवा वैर काय, पोलिसांपुढचा जबाब किती दिवसांनी झाला, कोर्टात काय बोलला, उलटतपासणीत काय सुटलं, फितूर झाला का. जी गोष्ट पोलिस जबाबात नव्हती आणि कोर्टात नव्याने आली तिला वकील ओमिशन म्हणतात. ती उलटतपासणीत साक्षीदाराला विचारलेली आणि मग तपासी अंमलदाराकडून नोंदवून घेतलेली असेल तरच वर कामाला येते. जप्तीच्या पंचनाम्यात मुद्देमाल सीलबंद केल्याची नोंद आहे का, त्यावर पंचांच्या सह्या आहेत का, तो पोलिस ठाण्यात किती दिवस पडून होता, लॅबला कोणत्या तारखेला गेला, या तारखा एकाखाली एक लिहा. कितीतरी अपिलं या एका रकान्यावर फिरतात.

खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा असेल तर शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) हा निकाल वकील काढणारच. साखळीतली प्रत्येक कडी शाबीत हवी आणि आरोपी निर्दोष असण्याची शक्यता कुठेच उरता कामा नये, हे त्याचं सार. त्याच निकालात असंही आहे की जी परिस्थिती ३१३ च्या जबाबात आरोपीपुढे ठेवलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून निकालपत्रातली दोषी धरण्याची कारणं एका बाजूला आणि ३१३ चे प्रश्न दुसऱ्या बाजूला लिहून जुळवून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण यातून निघालेला मुद्दा दहा भावनिक मुद्द्यांना भारी पडतो.

अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज जातो: जुनं कलम ३८९, नवं ४३०. आरोपी खटल्यात जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर अपील करण्यापुरता जामीन शिक्षा देणारं कोर्टच देतं. तो अर्ज निकालाच्याच दिवशी तयार हवा. मोठ्या गुन्ह्यांत सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, तेव्हा पहिल्याच तारखेला सुटकेची आशा धरू नका. यासाठी लागतं ते असं: आतापर्यंत किती दिवस जेलमध्ये काढले त्याचा कारागृहाचा दाखला (कच्च्या कैदेचे दिवसही धरून), खटल्याच्या काळात जामिनाच्या अटी मोडल्या नाहीत याचा रोजनाम्यातला आधार, आजारपणाचे कागद, दंड भरल्याची पावती. जामीनदार आधीच बोलून ठेवा. त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो तयार असू द्या. ऑर्डर झाल्यावर जामीनदार शोधत बसलेली कुटुंबं आठवडाभर हेलपाटे घालतात आणि माणूस आतच असतो.

आरोपी सरकारी नोकर किंवा लोकप्रतिनिधी असेल तर आणखी एक गोष्ट. शिक्षा स्थगित झाली म्हणजे दोषी ठरवल्याचा ठपका गेला असं नाही. नोकरी किंवा पद वाचवायचं तर दोषसिद्धीलाही स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती फार थोड्यांना मिळते.

पैसे नसतील तर लाजू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आरोपी जेल अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो. मात्र त्याने आतून अपील पाठवलं आणि तुम्ही बाहेरून वकील लावला, तर हे दोन्ही वकिलांना सांगा, नाहीतर एकाच निकालाची दोन अपिलं वेगवेगळी धावतात. वकालतनाम्यावर आरोपीची सही जेल अधिकाऱ्यासमोर आणि त्यांच्या शिक्क्यासह घ्यायची असते. त्याला जाणारे दिवस मुदतीच्या हिशेबात धरा.

अपील दाखल होऊन जामीन नाकारला गेला तरी फाईल बांधून ठेवू नका. अपिलाची सुनावणी वर्षानुवर्षं लांबत असेल तर कैद्याला आत ठेवणं योग्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कश्मीरा सिंग प्रकरणात १९७७ मध्येच म्हटलं आहे. बराच काळ गेल्यावर नव्या दाखल्यासह पुन्हा अर्ज करता येतो. जामीन मिळाला असेल तर पोलिस ठाण्यातल्या हजेरीची तारीख चुकवू नका, पत्ता बदलला तर कोर्टाला कळवा, आणि प्रकरणाचा सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, अपील कधी लागलं ते त्यावरून ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर घरबसल्या दिसतं.