ढोल-ताशाचा व्हिडिओ नेटवर टाकताना: फॉरमॅट आणि कॉम्प्रेशन

मिरवणुकीचा व्हिडिओ मोबाइलवर झकास दिसतो आणि यूट्यूबवर चढवला की गुलालाचे चौकोनी ठोकळे होतात. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. आधीच्या फ्रेममध्ये (व्हिडिओतल्या एकेका चित्रात) जे होतं ते पुन्हा साठवायचं नाही, याच तत्त्वावर कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करणं, चालतं. व्याख्यानात मागची भिंत तासभर तशीच असते, त्यामुळे ३ एमबीपीएसमध्येही (सेकंदाला ३ मेगाबिट) काम भागतं. उडता गुलाल, पाकळ्या, नाचणारे ध्वज यांत जुनं काही उरतच नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायचा डेटा, कमी पडला की आधी बारीक तपशील जातो.

त्यात यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ स्वतः पुन्हा कॉम्प्रेस करतं. आपण आधीच दाबून दिलेल्या फाइलचं नुकसान मग दोनदा होतं, म्हणून तिथे फाइल मोठीच द्या: एमपी४, व्हिडिओचा कॉम्प्रेशन प्रकार एच.२६४, आवाजाचा एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओला ३८४ केबीपीएस. १०८०पीसाठी यूट्यूबची शिफारस ८ एमबीपीएसची आहे, सेकंदाला ६० फ्रेम असतील तर १२. व्याख्यानाला ते भरपूर झालं; मिरवणुकीला १६ ते २० ठेवा. फाइल केवढी होईल ते आधीच काढता येतं: एमबीपीएस गुणिले सेकंद, भागिले ८, म्हणजे एमबी. १६ एमबीपीएसने १० मिनिटांचे सुमारे १.२ जीबी होतात. ७२०पीचं शूटिंग १०८०पी करून एक्स्पोर्ट केल्याने तपशील वाढत नाही.

पथकातल्या पोरांकडून क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायला सांगा. नेहमीसारखी पाठवलेली क्लिप वाटेतच दाबली जाते आणि गेलेला तपशील कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. फुटलेल्या आवाजाचंही तेच. ढोलाचा आवाज रेकॉर्ड होतानाच फाटला असेल तर ३८४ केबीपीएस काही करू शकत नाही.

मोबाइलच्या क्लिपांत आणखी एक खोड असते. फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) एकसारखा राहत नाही, कधी २९ तर कधी ३०. एडिटिंगमध्ये अशी लांब क्लिप हळूहळू सरकते: टिपरू पानावर पडलेलं दिसतं आणि ठोका नंतर ऐकू येतो. एडिटिंगच्या आधी क्लिप ‘हँडब्रेक’ या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढा. इथे आरएफ (चित्राच्या दर्जाचा आकडा; जितका लहान तितकं चित्र चांगलं) १६ ते १८ ठेवा, म्हणजे या जादा फेरीत फारसं काही जात नाही. ट्यूबलाइटखाली शूट करणार असाल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद हवं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. चुकीच्या शटरने येणारी लुकलुक प्रत्येक फ्रेम बदलते आणि बिटरेट खाते.

स्वतःच्या वेबसाइटवर गणित उलटं असतं. तिथे तुमचीच फाइल थेट प्रेक्षकाकडे जाते आणि त्याच्या रोजच्या डेटातून वजा होते. हँडब्रेकमध्ये ‘फास्ट ७२०पी३०’ प्रीसेट (तयार सेटिंग) घ्या, मग त्यातच एन्कोडर एच.२६४, एन्कोडर प्रीसेट ‘स्लो’, आवाज १६० केबीपीएस. एच.२६५ने फाइल लहान होते हे खरं, पण ती प्रत्येक ब्राउझरवर चालेलच याची खात्री नाही. बिटरेट ठरवून देण्यापेक्षा ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ बरी: शांत भागाला कमी आणि गुलालाला जास्त बिट आपोआप जातात. आरएफ २२ पासून सुरुवात करा. आकडा वाढला की फाइल लहान आणि चित्र खराब; ६ ने वाढवला तर फाइल ढोबळमानाने निम्मी होते.

अख्खा व्हिडिओ एन्कोड करण्याआधी ‘रेंज’मध्ये ‘सेकंद’ निवडून सर्वांत धुमश्चक्रीचे ३० सेकंद काढून बघा. गुलालाच्या कडेला ठोकळे दिसले तर आरएफ २० करा. ‘समरी’मधल्या ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण हवीच. ती राहिली तर एमपी४ची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी जाते आणि काही सर्व्हरवर पूर्ण फाइल उतरेपर्यंत व्हिडिओ सुरूच होत नाही. वेबसाइटवर टाकल्यावर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा आणि मधूनच पुढे सरकवून बघा.