कांद्याच्या टरफलांनी शिकवलेला सामू

वसमतच्या हळदीत चुना कालवला की लालभडक होते, हे मी आजीच्या परातीत बघितलेलं. हळदीतलं रंगद्रव्य कर्क्युमिन काही फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतल्या संयुगांचं एक कुळ) नव्हे, पण खेळ तोच: अल्कलीत रेणूवरचा हायड्रोजन निघून जातो आणि रंग पालटतो. संशोधनाला लागल्यावर हाच खेळ मी कांद्याच्या टरफलांतल्या क्वेर्सेटिन या फ्लेव्होनॉइडवर खेळलो अन् तोंडावर आपटलो.

सामू (pH) बदलला की क्वेर्सेटिनचा फ्लुरोसन्स, म्हणजे प्रकाश शोषून परत सोडलेली चमक, कसा बदलतो ते मोजायचं होतं. सामू ३ ते १० असे बफर, म्हणजे सामू टिकवून धरणारी द्रावणं, केले. सकाळी आम्लाचे नमुने मोजले, दुपारी लाइट गेली, अल्कलीचे संध्याकाळी उरकले. आलेख कसला देखणा आला! सरांनी त्याकडे बघितलंच नाही. शेवटची क्युव्हेट (नमुना मोजायची छोटी पारदर्शक कुपी) खिडकीत धरून म्हणाले, "अरे, हा तर चहा झालाय."

क्वेर्सेटिन अल्कलीत हवेतल्या ऑक्सिजननं बघता बघता मोडतं. मी मोजली ती त्याची मोडतोड. तेव्हापासून इथेनॉलमधला साठा ऐनवेळी बफरमध्ये टाकतो, लगेच मोजतो आणि नमुन्यांचा क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवतो. नमुना किती प्रकाश शोषतो त्याचा आलेख चमक मोजण्याआधी आणि नंतर, असा दोनदा काढतो.

नव्या पोरांनो, कोरं, म्हणजे क्वेर्सेटिन न टाकलेलं, बफर आधी मोजा. क्वेर्सेटिन पाण्यात मुळातच मिणमिणतं. ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशानं उद्दीपित केलं तर साधारण ३९७ ला एक उंचवटा दिसतो; तो पाण्याचा रामन पट्टा, म्हणजे पाण्याच्याच रेणूंनी विखुरलेला प्रकाश. उद्दीपन बदललं की तो सरकतो. मी दोन दिवस त्यालाच क्वेर्सेटिन समजून बसलो होतो. शोषण ०.१ च्या खाली ठेवा, नाहीतर द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं.

खरी गंमत पुढं आहे. प्रकाश शोषल्यावर बऱ्याच फ्लेव्होनॉइडांचे हायड्रॉक्सिल (OH) गट जास्त आम्लधर्मी होतात. म्हणून शोषण ज्या सामूला बदलतं, त्याच सामूला फ्लुरोसन्स बदलेल असं धरून चालू नका. शिवाय रेणूतल्या ३ क्रमांकाच्या जागेवरच्या हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिलच्या (C=O) ऑक्सिजनवर उडी मारतो आणि उत्सर्जन लांब तरंगलांबीकडं जातं. भोवतालचं पाणी त्या उडीत खोडा घालतं. माझा अर्धा प्रबंध या एका उडीत अडकला.

आणि टरफलं घरच्या जर्मनच्या पातेल्यात उकळू नका. अ‍ॅल्युमिनियमचे आयन क्वेर्सेटिनला चिकटले की चमक वाढते, अन् श्रेय आपण सामूला देतो. आता काचेच्या चंचुपात्रातच उकळतो. ते पातेलं आईनं परत चुलीवर घेतलंच नाही.